घरच्या संगणकावरील इंटरनेट जोडणी : डायल-अपपासून राऊटरपर्यंत

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतर नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आले. घरच्या संगणकावर इंटरनेटची जोडणी बसवणे आणि तिची सेटिंग बदलणे, या कामाचा भारतातील इतिहास या दोन तारखांच्या आसपास सुरू होतो. अर्नेटचे जाळे त्याआधीही होते, पण ते शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांपुरते.

सुरुवातीच्या घरांत बहुधा विंडोज ३.१ होते. इंटरनेटची भाषा असलेला टीसीपी/आयपी हा नियमसंच त्यात नव्हताच. ती उणीव टास्मानियातील पीटर टॅटम यांनी लिहिलेल्या ट्रम्पेट विनसॉक या छोट्या प्रोग्रामने भरून काढली. निगमाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यावर तर याचीसुद्धा गरज नव्हती. त्या खात्यावर फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. घरचा संगणक म्हणजे निगमाच्या सर्व्हरचा लांबवर ठेवलेला पडदा, एवढेच त्याचे काम. फोन क्रमांक, मोडेमचा वेग आणि अक्षरे पाठवण्याची पद्धत ठरवली की सेटिंग संपली. चित्रांसह पाने दाखवणारे टीसीपी/आयपी खाते कितीतरी महाग होते.

विंडोज ९५ मध्ये टीसीपी/आयपी आणि डायल-अप नेटवर्किंग दोन्ही आले, तरी काम सोपे झाले नाही. कंट्रोल पॅनेलमधील नेटवर्कच्या खिडकीत डायल-अप अडॅप्टर आणि टीसीपी/आयपी हे दोन घटक बऱ्याचदा हाताने जोडावे लागत. नेटबीईयूआय आणि आयपीएक्स हे कार्यालयीन जाळ्यांचे नियमसंच मात्र न मागता येत. घरी त्यांचा काही उपयोग नव्हता, म्हणून जाणकार ते काढून टाकत. ‘नेटवर्कवर लॉग-ऑन करा’ या चौकटीतली खूणही पुसावी लागे, नाहीतर फोन लागल्यावरसुद्धा संगणक घरात नसलेल्या सर्व्हरची वाट पाहत बसे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचे क्रमांक वहीत टिपून ठेवण्याची रीत तेव्हाचीच. निगमाचे क्रमांक २०२.५४ ने सुरू होत. त्यातला एक आकडा चुकला तरी मोडेम जोडला जाई, वापरकर्त्याचे नाव मान्य होई, आणि पान मात्र उघडत नसे. चूक कुठे झाली हे विंडोज सांगत नसे.

मोडेमची सेटिंग हा वेगळाच अभ्यास होता. जुन्या एक्सचेंजच्या लाइनवर टोनऐवजी पल्स निवडावे लागे. काही मोडेमना इथला डायल टोन ओळखू येत नसे. अशा वेळी ‘डायल टोनसाठी थांबा’ ही खूण काढली की फोन लागे. विंडोज ९५ मध्ये नेटवर्कचा एखादा घटक बदलला की संगणक बहुतेक वेळा मूळ सीडी मागे आणि मग पुन्हा सुरू करायला लावे. सीडी शेजाऱ्याकडे गेली असेल, तर त्या दिवशी काम थांबले. फोनचे बिल चढत असताना ही खटपट करणाऱ्यांना जाळ्याची रचनाही थोडीफार कळत गेली.

नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली आणि एकाच संगणकावर दोन-तीन डायल-अपची चिन्हे दिसू लागली. १९९९ च्या विंडोज ९८ दुसऱ्या आवृत्तीने एक जोडणी अनेक संगणकांत वाटून घेण्याची सोय दिली.

यानंतर मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत केबलवाल्यांचे इंटरनेट आले. गच्चीवरून तार उतरे, संगणकात नेटवर्क कार्ड बसे आणि केबलवाल्याचा माणूस आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस असे आकडे कागदावर लिहून देई. हा कागद जपून ठेवावा लागे, कारण विंडोज नव्याने टाकले की सगळे आकडे पुसले जात. त्याच जाळ्यातल्या दुसऱ्या कोणी तोच आयपी भरला, तर दोन्ही पडद्यांवर क्रमांकाचा संघर्ष झाल्याची सूचना येई आणि जोडणी तुटे. म्हणून अनेक केबलवाले ग्राहकाच्या कार्डाचा मॅक क्रमांक नोंदवून ठेवत. कार्ड बदलले की त्यांना फोन करणे आलेच.

ऑक्टोबर २००१ मधल्या विंडोज एक्सपीने ही गुंतागुंत बरीच कमी केली. ब्रॉडबँडला लागणारी पीपीपीओई जोडणी त्यात आधीपासून होती आणि आयपी बदलल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागत नसे. ऑगस्ट २००३ मध्ये जाळ्यातून आपोआप पसरलेल्या ब्लास्टर या घातक प्रोग्रामने जोडणीच्या सेटिंगला सुरक्षेची बाजू दिली. पुढच्याच वर्षी आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू राहू लागली.

भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला आणि २००५ पासून सरकारी फोन कंपन्यांचे मोडेम घरोघर पोहोचले. खरा पालट इथे झाला. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड संगणकात न राहता राऊटरचेही काम करणाऱ्या मोडेमच्या डब्यात गेले. सेटिंग बदलायची तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता टाइप करून त्या डब्याच्या आत जावे लागे. संगणकाने फक्त क्रमांक मागायचा आणि डब्याने तो द्यायचा. क्रमांकवाटपाची ही पद्धत, डीएचसीपी, १९९३ पासून ठरलेली होती. घरात तिचे राज्य आले ते राऊटरबरोबर. डब्याने उत्तर दिले नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेते. हा पत्ता दिसला की दोष बहुतेक वेळा तारेत, वाय-फायमध्ये किंवा राऊटरमध्ये असतो. आजही ही खूण उपयोगी पडते.

विंडोज व्हिस्टापासून या सेटिंग्जची जागा वारंवार हलत गेली: आधी नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, मग विंडोज १० आणि ११ मधील सेटिंग्ज. मोबाइलच्या मोजक्या डेटावर संगणक चालवणाऱ्यांसाठी ‘मीटर्ड’ जोडणीची खूण विंडोज ८ पासून मिळाली, तर विंडोज ११ मध्ये डीएनएसची विचारणा सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय सेटिंग्जमध्येच आली. आकडे मात्र तेच राहिले. विंडोज ११ मध्ये ‘रन’च्या चौकटीत एनसीपीए.सीपीएल असे इंग्रजीत टाइप केले, तर एक्सपीच्या काळातली जोडण्यांची खिडकी आजही उघडते, आणि आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएसचे रकाने तिच्यात अजूनही हाताने भरता येतात.