क्रोनो ट्रिगर

क्रोनो ट्रिगर हा जपानमधील स्क्वेअर या कंपनीने सुपर फॅमिकॉम (जपानबाहेर सुपर निन्टेन्डो) या यंत्रासाठी तयार केलेला भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम आहे. तो जपानमध्ये ११ मार्च १९९५ रोजी आणि उत्तर अमेरिकेत त्याच वर्षी २२ ऑगस्ट रोजी प्रकाशित झाला. कालप्रवास हे त्याच्या कथेचे मुख्य सूत्र आहे. जपानी भूमिकाप्रधान खेळांच्या इतिहासात या खेळाचे नाव आदराने घेतले जाते. त्याच्या पहिल्या काही तासांची रचना विशेष अभ्यासनीय मानली जाते, कारण खेळाडूने सहज म्हणून केलेल्या बारीकसारीक कृतींचा जाब खेळ त्याला पुढे भर न्यायालयात विचारतो.

निर्मिती

१९८०च्या दशकात जपानमध्ये ड्रॅगन क्वेस्ट आणि फायनल फँटसी या दोन खेळमालिका एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. ड्रॅगन क्वेस्टचे जनक युजी होरी, त्या मालिकेची पात्रे रेखाटणारे चित्रकथाकार अकिरा तोरियामा आणि फायनल फँटसीचे जनक हिरोनोबू साकागुची हे तिघे १९९२ मध्ये संगणकीय चित्रणाच्या अभ्यासासाठी एकत्र अमेरिकेस गेले. या प्रवासातून संयुक्त खेळाची कल्पना पुढे आली. निर्माता म्हणून काझुहिको आओकी यांनी काम पाहिले, तर कथानकाचा मोठा भाग मासातो काटो यांनी लिहिला. संगीताची मुख्य जबाबदारी यासुनोरी मित्सुदा या तरुण संगीतकाराकडे होती. तोपर्यंत ते कंपनीत ध्वनिपरिणामांचे काम करीत असत आणि संगीतरचनेची संधी न मिळाल्यास नोकरी सोडू, असे त्यांनी साकागुची यांना सांगितले होते. कामाच्या ताणाने ते आजारी पडल्यावर उरलेल्या रचना नोबुओ उएमात्सु यांनी पूर्ण केल्या.

खेळाचे स्वरूप

तत्कालीन बहुतेक भूमिकाप्रधान खेळांत शत्रू अदृश्य असत. चालता चालता अचानक पडदा बदले आणि वेगळ्या दृश्यात लढाई सुरू होई. क्रोनो ट्रिगरमध्ये बहुतेक शत्रू वाटेवरच दिसतात आणि लढाई त्याच जागी होते, त्यामुळे काही शत्रूंना वळसा घालून पुढे जाता येते. एका वेळी जास्तीत जास्त तीन पात्रे लढतात. प्रत्येक पात्राची पाळी काळाच्या मोजणीने येते, आणि दोन किंवा तीन पात्रे आपापली कौशल्ये एकत्र करून संयुक्त हल्ला करू शकतात.

प्रारंभीचा भाग

खेळाची सुरुवात इ.स. १००० मध्ये गार्डिया राज्यातील ट्रूस या गावी होते. राज्याच्या सहस्राब्दीनिमित्त भरलेल्या जत्रेच्या दिवशी आई क्रोनो या तरुणाला झोपेतून उठवते. त्याला संकट, भविष्यवाणी किंवा कामगिरी यांपैकी काहीच सांगितले जात नाही. त्याने जत्रेत जावे, एवढीच अपेक्षा असते. क्रोनो जवळजवळ संपूर्ण खेळात स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने निवड खेळाडूला करावी लागते.

जत्रेत शर्यतीवर पैज लावता येते, गाणाऱ्या यंत्रमानवाशी झुंजता येते, दुकाने पाहता येतात. लढाईचे नियम खेळाडू येथेच नकळत शिकतो. चौकात एका मुलीशी क्रोनोची धडक होते आणि तिच्या गळ्यातील लोलक दूर जाऊन पडतो. आधी मुलीची विचारपूस करावी की आधी लोलक उचलावा, हे खेळाडूने ठरवायचे असते. कोणाचे तरी जेवण तेथे ठेवलेले असते आणि ते खाता येते. एका लहान मुलीची मांजर हरवलेली असते. मांजर मालकिणीपर्यंत नेता येते किंवा दुर्लक्ष करून पुढेही जाता येते. यांपैकी कोणत्याही कृतीला त्या क्षणी बक्षीस किंवा शिक्षा मिळत नाही, त्यामुळे अनेक खेळाडू पहिल्या खेपेस त्यांची नोंदही ठेवत नाहीत.

मार्ल असे नाव सांगणारी ही मुलगी क्रोनोची मैत्रीण लुका हिने केलेल्या दूरप्रेषण यंत्राचा प्रयोग पाहण्यासाठी येते. क्रोनो त्यातून सुखरूप पार होतो. मार्ल त्यात शिरताच तिच्या लोलकामुळे यंत्र बिघडते, निळसर रंगाचे कालद्वार उघडते आणि ती दिसेनाशी होते. मागे राहिलेला लोलक घेऊन क्रोनो तिच्या पाठोपाठ जातो आणि इ.स. ६०० मध्ये पोहोचतो. तेथे राजसैन्य आणि मेगस या जादूगाराची सेना यांच्यात युद्ध पेटलेले असून राणी लीन काही काळ बेपत्ता असते. मार्लचा चेहरा राणीशी जुळत असल्याने दरबारी तिलाच राणी समजतात आणि खऱ्या राणीचा शोध थांबवतात. मार्ल ही प्रत्यक्षात गार्डियाची राजकन्या नादिया, म्हणजे त्याच राणीची वंशज असते. राणी मारली जाण्याची वेळ आल्यामुळे मार्लचे अस्तित्वच पुसले जाते आणि ती क्रोनोच्या डोळ्यांसमोर नाहीशी होते. मागोमाग आलेली लुका हा कार्यकारणभाव उलगडून सांगते. कालप्रवासाचे तर्कशास्त्र वाचकाला समजावणाऱ्या कथा अनेक आहेत, परंतु येथे ते शिकवण्यासाठी एका व्यक्तीचे नाहीसे होणे पुरेसे ठरते. पुढे एका प्रार्थनामंदिरातील जोगिणी या वेष पालटलेल्या राक्षसिणी निघतात. बेडकाचे रूप लाभलेला एक योद्धा साथीला येतो, राणीची सुटका होते आणि मार्ल परत प्रकट होते.

खटला

वर्तमानात परतल्यावर क्रोनो मार्लला राजवाड्यात पोहोचवतो आणि राजकन्येच्या अपहरणाच्या आरोपाखाली त्याला अटक होते. प्रधान फिर्यादीची बाजू मांडतो, क्रोनोला वकील मिळतो आणि सात पंच निवाडा देतात. येथे जत्रेतील विसरलेल्या कृती एकेक करून पुढे येतात. जेवण खाल्ले असल्यास त्याची साक्ष होते, मांजर परत केली असल्यास ती लहान मुलगी क्रोनोच्या बाजूने बोलते. आधी लोलक उचलला की आधी मुलीकडे पाहिले, लोलक विकण्याचा प्रयत्न केला का, तिच्या संपत्तीचा मोह पडला का, असे प्रश्न विचारले जातात. खोटे उत्तर देण्याची मुभा असली तरी घडलेले प्रसंग खेळाडूसमोर पुन्हा दाखवले जातात.

या प्रसंगाबद्दल एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पंचांचा निकाल काहीही लागला तरी क्रोनोला कोठडीतच जावे लागते. निर्दोष ठरल्यासही तीन दिवसांची कैद होते आणि प्रधान त्याच्या मृत्युदंडाची व्यवस्था करतोच. निर्दोषत्वाचा लाभ कोठडीत मिळणाऱ्या काही उपयोगी वस्तूंपुरता राहतो. आक्षेप वस्तुस्थितीला धरून असला तरी प्रसंगाचा भर निकालापेक्षा आपल्याच वागणुकीकडे मागे वळून पाहण्यावर आहे. पहिल्या तासात कोणी पाहत नाही या समजुतीने वागलेला खेळाडू यानंतर प्रत्येक घरात जपून वावरू लागतो.

इ.स. २३००

तुरुंगातून निसटलेले क्रोनो, लुका व मार्ल पाठलाग चुकवण्यासाठी अनोळखी कालद्वारात शिरतात आणि इ.स. २३०० मध्ये येतात. आकाश धुळीने भरलेले असते, शहरे उद्ध्वस्त झालेली असतात आणि थोडी माणसे घुमटांच्या आश्रयाने जगत असतात. त्यांच्याकडील एका यंत्रात काही वेळ झोपल्यास शरीराचा थकवा जातो, मात्र भूक तशीच राहते. खेळाडूच्या पात्रांची शक्ती भरून देण्याचे हे नेहमीचे साधन आहे. दुष्काळाची तीव्रता त्यातूनच जाणवावी, ही योजना निर्मात्यांच्या कौशल्याची साक्ष देते. एका घुमटाखालील कोठारात धान्याऐवजी शीतकरण बंद पडल्याने सडलेला साठा आणि हाती बी धरलेल्या माणसाचा मृतदेह सापडतो. तेथील संगणकात इ.स. १९९९ ची चित्रफीत असते. पृथ्वीच्या पोटातून लाव्होस नावाचा प्रचंड जीव बाहेर पडून जग जाळून टाकतो, असे तिच्यात दिसते. आपल्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी येणारा हा विनाश टाळण्याचा निश्चय तिघे करतात. खेळाचे खरे उद्दिष्ट खेळाडूला येथे, काही तास उलटल्यावर, प्रथमच कळते.

लाव्होस मुळात आकाशातून पडलेला असतो, हे पुढे इ.स.पू. ६ कोटी ५० लाख या कालखंडातील प्रसंगांत उघड होते. त्याच्या पतनानंतर सरपटणाऱ्या प्राण्यांचे राज्य संपून हिमयुग येते. डायनोसॉरच्या विनाशाशी जोडला जाणारा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा उल्कापात हा या कल्पनेचा उघड आधार दिसतो. दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकही साधारण त्याच सुमारास लाव्हारसापासून बनला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर याच खडकात उल्काघाताने झाले, परंतु ते भूशास्त्रीय मोजमापाने बरेच अलीकडचे आहे.

पुनःप्रारंभ

एकदा खेळ पूर्ण केल्यावर मिळवलेली शक्ती व वस्तू कायम ठेवून तो पुन्हा सुरू करता येतो. ही सोय पुढे इतर असंख्य खेळांत रूढ झाली. अशा दुसऱ्या खेपेस जत्रेतील लुकाच्या उजवीकडील यंत्रात एक चकाकणारा बिंदू दिसतो आणि त्यातून थेट लाव्होसपुढे जाता येते. लाव्होसला कोणत्या टप्प्यावर हरवले यानुसार खेळाचा शेवट बदलतो. असे दहाहून अधिक शेवट आहेत.

आवृत्त्या

मूळ खेळ ३२ मेगाबिट क्षमतेच्या कॅसेटवर होता. त्याचे इंग्रजी भाषांतर टेड वूल्सी यांनी केले. १९९९ मध्ये प्लेस्टेशन, २००८ मध्ये निन्टेन्डो डीएस, २०११ मध्ये मोबाइल आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी संगणकासाठी आवृत्त्या निघाल्या. युरोपात सुपर निन्टेन्डोची मूळ आवृत्ती प्रकाशितच झाली नाही. तेथे हा खेळ अधिकृतपणे प्रथम डीएसवर, २००९ मध्ये पोहोचला. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातील घरांत टीव्हीला जोडली जाणारी 'व्हिडिओ गेम' यंत्रे बहुधा आधीच्या, आठ-बिट फॅमिकॉमच्या नकला असत आणि सुपर फॅमिकॉमच्या कॅसेट त्यांत चालत नसत. हा खेळ मराठी किंवा अन्य भारतीय भाषेत अधिकृतपणे उपलब्ध नाही.