नागसेनवन आणि गावकुसाबाहेरच्या आठवणी

मराठीतील दलित आत्मकथनांचा उगम सांगताना मुंबईत 1972 साली स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेपासून आरंभ करण्याचा प्रघात असला, तरी या लेखनाची मशागत औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नागसेनवनात कितीतरी आधी सुरू झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये येथे महाविद्यालय उघडले, तेव्हा निजामाची सत्ता जाऊन जेमतेम दोन वर्षे होत होती. त्याला पुढे लाभलेले ‘मिलिंद’ हे नाव भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे होय. मराठवाड्याच्या खेड्यांतून येथे आलेली मुले गावकुसाबाहेरून, म्हणजे गावाच्या वेशीपलीकडील महारवाड्या-मांगवाड्यांतून आली होती, आणि वेगळा पाणवठा, लांबून टाकलेली भाकरी हा त्यांच्या बालपणाचा नित्यक्रम होता.

अशीच विभागणी दूरच्या अमेरिकेतही होती. तिच्या दक्षिणेत काळ्यांसाठी शाळा आणि बसमधील आसने कायद्यानेच वेगळी केलेली होती, तर येथे राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केल्यानंतरही रूढी ते काम करीत राहिली. हे साम्य अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलेल्या आणि मिलिंदचे प्राचार्य झालेल्या म. ना. वानखेडे यांनी हेरले, आणि निग्रो साहित्य या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या लेखनाकडे त्यांनी येथील तरुणांचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखालील ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकाने त्या तरुणांना लिहिण्याची जागा दिली, आणि हे कार्य मोठमोठ्या घोषणांहून अधिक टिकाऊ ठरले, कारण स्वतःचे जगणे छापण्याजोगे आहे हा विश्वास त्याने दिला.

दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ 1979 मध्ये, अशी ही आत्मकथने आली. सोनकांबळे हे मिलिंदचेच विद्यार्थी. आईवडिलांविना नातेवाइकांच्या आधाराने वाढलेल्या मुलाची भूक आणि शाळेची ओढ त्यांनी कोणताही आक्रोश न करता, आठवणींच्या सुट्या तुकड्यांतून मांडली, आणि हा संयमच त्या पुस्तकाचे खरे सामर्थ्य आहे.

‘बलुतं’ आले त्याच वर्षी, 27 जुलै 1978 रोजी, औरंगाबादच्याच मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला, त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जाळण्यात आल्या, आणि ते नाव विद्यापीठाला मिळण्यास 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला.