काळी, तांबडी, बरड

१९८६ साली मी इंदापूर तालुक्याच्या जिरायत भागातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात एक पालक मुलाला घेऊन आले, टोपी काढून दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, आमचं पोरगं किती आण्याचं हाय, तेवढं बघून सांगा.” मला काही कळेना. मी बारामतीची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. मग त्यांनी वहाणेच्या टोकाने अंगणातली माती उकरून दाखवली. “रान कसं, कुठलं सोळा आण्याचं, कुठलं सहा आण्याचं. तसं पोराचं बघा.”

हा प्रश्न बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला सोडून गेला नाही. त्याचं मूळ शोधायला गेले तेव्हा कळलं, की जमिनीला आण्यांत तोलायची ही रीत ज्या पाहणीतून आली, ती याच तालुक्यात उभी राहिली.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि कंपनी सरकारला सारा ठरवायची घाई झाली. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्याची पाहणी केली. हा माणूस अर्थशास्त्र शिकून आलेला. पिकाच्या किमतीतून खर्च वजा करायचा, उरेल ते निव्वळ उत्पन्न आणि त्यातला शेकडा ५५ भाग सरकारचा, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो बिनचूक दिसायचा. शिवारात मात्र तो कोसळला. हाताखालच्या कारकुनांनी आकडे हवे तसे भरले, पाऊस हुकला, सारा थकला. इंदापूरची रयत जमिनी टाकून निजामाच्या मुलखात निघून गेली, गावंच्या गावं ओस दिसू लागली.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनिअर लेफ्टनंट अशी दोन तरुण माणसं इंदापूरला आली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि जमीन खणून पाहिली. काळी, तांबडी आणि बरड असे मातीचे तीन वर्ग, प्रत्येकाच्या तीन प्रती, मिळून नऊ. पुढे १८४७ च्या अहवालात ही रीत पक्की झाली. माती किती हात खोल आहे ते बघायचं. पावणेदोन हात काळी लागली तर सोळा आणे, हातभर लागली तर दहा आणे, तळाच्या प्रतीला दोनच आणे. वर आणखी दोष मोजायचे: चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का. दर ठरला की तीस वर्षं कायम. इंदापुरात ठरलेली ही पद्धत मग साऱ्या मुंबई इलाख्यात गेली.

मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचेही भाग सोळा आणेच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. माझ्या चौथीच्या वर्गाला क्षेत्रफळ फळ्यावर कधी उमगलं नाही. मी ३३ फूट सुतळी आणली, सोळा गाठी मारल्या आणि मुलांना मैदानात सोडलं. अर्ध्या तासात शाळेचं आवार किती गुंठे ते त्यांनीच मला सांगितलं. पण सगळ्यांनी नाही. दोन मुली त्या गोंधळाला कंटाळून ओट्यावर बसल्या होत्या. वहीत चौकोन काढून त्यांनी तेच उत्तर आमच्या आधी काढून ठेवलं होतं.

हे मी एवढ्यासाठी सांगते, की मुलांच्या बाबतीत आमच्याकडे प्रिंगलचाच हिशेब फार काळ चालला. आमच्या भागात सरकारी शाळा येण्याआधी होती ती पंतोजींची शाळा. देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत ती भरायची. पुढ्यात धुळपाटी. तिच्यावर विटेची भुकटी पसरून बोटाने किंवा काडीने मुळाक्षरं गिरवायची. हात बसला की बोरू आणि शाई, मग मोडी. संध्याकाळी परवचा: बे एके बे पासून सुरुवात आणि पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. माझ्या आजोबांना ती झोपेतून उठवली तरी यायची. बाजारात मण-शेराचा हिशेब ते बोलता बोलता सांगत. पंतोजींना मी कमी लेखत नाही. ज्या पोराचा कान तयार आणि ज्याला तालात बोलायला आवडतं, त्याला परवचा खेळासारखा होता. तेच पोर गप्प स्वभावाचं, एकदाच आणि मनात म्हणणारं असलं, तर त्याच्या वाट्याला छडी आणि अंगठे धरणं आलं. दर सगळ्यांना एकच. ज्यांना तो पेलला नाही ती मुलं इंदापूरच्या रयतेसारखी पाटी टाकून निघून गेली, मेंढरांमागे नाहीतर नांगरामागे. त्यांची नोंद कुठल्या दप्तरात नाही.

पण ही मुलं काहीच शिकली नाहीत, असं मला कधी वाटलं नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत शिकण्याच्या जागा पुष्कळ होत्या, शाळा ही त्यातली एक. ज्याची जशी प्रकृती तशी त्याला जागा सापडायची.

बारामतीत कऱ्हेच्या काठी सावकार बाबूजी नाईकांच्या वाड्यात कवी मोरोपंत पुराण सांगायचे. १७२९ मध्ये पन्हाळगडावर जन्मलेले पंत ऐन तरुणपणी बारामतीला आले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. पंत म्हणजे एकटं बसून शब्द जुळवणाऱ्या स्वभावाचा माणूस. एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर आहेत आणि बहुतेकांत काहीतरी कोडं आहे. निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लागणारं अक्षर घ्यायचं नाही, असा नेम. राम या नावातला ‘म’च ओठांचा! तो टाळून रामाची गोष्ट सांगायची. तो खेळ मी वर्गात घ्यायचे. दातांत ज्वारीच्या धांड्याचा तुकडा धरायचा आणि ओठ मिटू न देता बोलायचं. ‘आई’ चालते, ‘बाबा’ आणि ‘मामा’ चालत नाहीत. एरवी धिटाईने बोलणारी मुलं दुसऱ्या वाक्याला अडकायची. वर्षभरात तोंड न उघडलेली एक मुलगी उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द पारखून, तिने अख्खा आठवडी बाजार सांगितला. कांदे, लसूण, तेल, गाजरं घेतली आणि मिरची, भेंडी, मेथी एकदाही तिच्या तोंडात आली नाही. त्या दिवशी मला पंत कळले असं वाटतं. ते घाईच्या माणसाचे कवीच नाहीत.

मग त्यांची कविता लोकांत गेली कशी? इथे सोलापूरचे शाहीर राम जोशी येतात. फडावर, ढोलकीच्या थापेवर, समोरच्या हजार डोळ्यांच्या जोरावर ज्याला सुचतं असा हा माणूस. तो पंतांना भेटला आणि पुढे कीर्तनात त्यांच्या आर्या म्हणू लागला, ही आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत. पंतांच्या बहुतेक आर्या गीती वृत्ताच्या, बारा आणि अठरा मात्रांच्या हेलकाव्याच्या. कागदावर जड वाटणारी ओळ टाळ-मृदंगाच्या साथीत हलकी होते, हे मी कीर्तनाला बसून अनुभवलंय. एकाच कवितेला दोन प्रकृतींची माणसं लागली, तेव्हा ती वाड्यातून बाहेर आली. पुढे परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचं ‘नवनीत’ १८५४ मध्ये आलं आणि पंत शाळेच्या बाकावर पोचले. तिथे पुन्हा पाठांतर, अन्वय, परीक्षा. मला याचं वाईट वाटतं. ऐकायची गोष्ट आम्ही लिहायची करून टाकली.

कानाने शिकणाऱ्यांची आमच्याकडची मोठी शाळा वर्षातून एकदा चालत येते. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तिथे मेंढ्यांचं रिंगण होतं. मग बेलवडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरेकाठी पुढची वाट. माझ्या आजीला सही येत नव्हती. हरिपाठ सगळा पाठ, वर दोनेकशे अभंग. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणायची, “चालताना.” पाय आणि टाळ एका लयीत पडले की शब्द आपोआप बसतो, पुढची म्हणते म्हणून मागची म्हणते. एकट्या बसवून तिला अभंग विचारला तर ती अडखळायची. हातात काम दिलं, जात्याचा खुंटा नाहीतर निवडायला तांदूळ, की धार लागायची.

माझे वडील पाटकरी होते, नीरा डाव्या कालव्यावर. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर हा कालवा झाला आणि बारामतीचं रूप पालटलं. पाणी आलं तरी बागायत कुणाला येत होती? ती आणली बव्हंशी सासवडच्या माळ्यांनी. ते खंडाने जमिनी घेऊन ऊस लावायचे आणि बांधाच्या अलीकडे उभा राहून आमचा कुणबी बघायचा. दारं धरणं ही विद्या कुणी तोंडाने शिकवत नाही. सरीतून पाणी किती वेगाने चाललंय ते पायाच्या घोट्याला कळतं, कुठे फावडं टाकायचं ते रात्री अंधारातसुद्धा कळतं. वडील मला पाटावर न्यायचे तेव्हा एकही सूचना द्यायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, “बघ.” मला ते जमलं नाही. मी प्रश्न विचारून, वाचून शिकणारी. माझ्या धाकट्या भावाला सातवीचा उंबरा ओलांडता आला नाही आणि दहाव्या वर्षी तो एकटा दारं धरत होता. आमच्या घरात मी हुशार ठरले, तो मठ्ठ. ही प्रतवारी चुकीची होती हे वडिलांना ठाऊक असणार, पण तेही कधी बोलले नाहीत.

उसाच्या जातींचंही तेच. नीरा कालव्याच्या पट्ट्यातच, पाडेगावला, १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघालं. पुंड्या उसाच्या जागी सुधारित जाती आल्या, अलीकडची को ८६०३२ तर ‘नीरा’ याच नावाने ओळखली जाते. पत्रकं किती वाटली तरी शेतकरी जात बदलतो तो शेजाऱ्याच्या रानातला ऊस हाताने जोखून. शारदानगरला कृषी विकास ट्रस्टचं ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं, तिथे उभं पीक दाखवतात ते म्हणूनच. पण त्याच गर्दीत मी असेही शेतकरी पाहते, जे प्लॉटकडे पाठ करून फलकावरचे आकडे वहीत उतरवून घेत असतात.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्यापर्यंत नवी प्रतवारी आली. कार्ल युंगने १९२१ मध्ये माणसांच्या मनाचे प्रकार मांडले, त्यावरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी स्वभावाचे सोळा प्रकार केले. पुन्हा सोळाच! पुढे न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे अशी वाटणी सांगितली. महाराष्ट्रात २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. एका प्रशिक्षणात आम्हाला तक्ते दिले आणि वर्गातल्या प्रत्येक मुलापुढे दृक्, श्राव्य किंवा कृती यांतला एकच शब्द लिहायला सांगितला. मला मनापासून आनंद झाला होता. त्या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांनी हातात आलं, असं वाटलं. मी रात्री बसून तक्ता भरला.

दिवाळीनंतर कोऱ्या कागदावर पुन्हा भरला. निम्मी नावं दुसऱ्या रकान्यात गेली. कविता ऐकून शिकणारा मुलगा अपूर्णांक भाकरीचे तुकडे केल्याशिवाय शिकत नव्हता. नंतर वाचलं, की २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं होतं. माणसांच्या आवडी वेगळ्या असतात, पण त्या आवडीप्रमाणेच शिकवलं तर शिकणं जास्त होतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. विंगेटच्या माणसांनीसुद्धा एका शेताला एकदाच पहार घातली नव्हती. शेताचे भाग पाडून, प्रत्येक भागात वेगळं खणून मग सरासरी काढली होती. आणि तरी तीस वर्षांनी फेरपाहणी करावी लागली.

निवृत्तीच्या वर्षी मी पाचवीच्या मुलांना घेऊन शाळेमागच्या ओढ्याकाठी गेले. परिसर अभ्यासाचा मातीचा धडा होता. मी सांगितलं, ही वरची बघा, खडे, मुरूम, रंग फिका. हिला बरड म्हणतात. सगळ्यांनी वहीत लिहिलं. एक धनगराचा मुलगा होता, तक्त्यात मी ज्याचा रकाना दोनदा रिकामा ठेवला होता. शंभर मेंढरं तोंडावरून ओळखायचा, पण शंभरपर्यंत अंक सलग म्हणायचा नाही. तो उकिडवा बसला, मूठभर माती तळहातावर घेऊन थुंकीने भिजवली, बोटांत फिरवली.

“बाई, ही हितली न्हाई. पुरानं आणून टाकलीया.”

त्याने पहार मागितली. वीतभर खाली काळी लागली, ओली, चिकट. आणखी हातभर गेला तरी काळीच. बाकीची मुलं वह्या मिटून खड्ड्याभोवती जमली. वहीत मघाशी लिहिलेलं खोडायचं का, असं एकीने मला विचारलं. मी खड्ड्यात बघत होते. त्याचे केस मातीने भरले होते. तो पहार टेकवून वर बघत म्हणाला, “अजून खणू का?”