गहाणाचे आकडे आणि कुडाचे घर

देशातल्या घरबांधणीची प्रगती मोजायची झाली की अलीकडे गृहकर्जाचा आकडा पुढे केला जातो. राष्ट्रीय आवास बँकेच्या अहवालानुसार ३० सप्टेंबर २०२४ रोजी व्यक्तिगत गृहकर्जाची येणे बाकी ३३.५३ लाख कोटी रुपये होती. वर्षभरात ती १४ टक्क्यांनी वाढली होती. त्यात दुर्बल व अल्प उत्पन्न गटांचा वाटा ३९ टक्के, मध्यम उत्पन्न गटाचा ४४ टक्के आणि उच्च उत्पन्न गटाचा १७ टक्के. यावरून गरिबांची घरे कर्जाच्या बळावर उभी राहत आहेत, असा निष्कर्ष प्रस्थापित अर्थतज्ज्ञ सहज काढतात. हा निष्कर्ष तपासायचा तर हा आकडा हरसूलच्या बाजारात आणून उभा केला पाहिजे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हरसूल हे भोवतालच्या आदिवासी पाड्यांचे बाजाराचे गाव. महादेव कोळी, कोकणा, वारली, कातकरी हा इथला कष्टकरी समाज. भात-नागलीची शेती आणि पावसाळा सरला की मजुरीसाठी स्थलांतर, हे त्याचे अर्थशास्त्र. हा भाग पूर्वी पेठ संस्थानात होता. डिसेंबर १८५७ मध्ये इथल्या कोळ्यांनी बंड केले, तेव्हा हरसूलचा बाजार लुटला गेला. इंग्रजी दप्तराने त्याची नोंद लूट म्हणून केली. बाजार आणि सावकारी यांचे या प्रदेशातले नाते ज्याला ठाऊक आहे, त्याला केवळ ‘लूट’ हा शब्द पुरेसा वाटणार नाही.

गहाणाचा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, हे महाराष्ट्राच्या इतिहासाने आधीच शिकवले आहे. मे १८७५ मध्ये सुप्याला सुरू झालेल्या आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते हिसकावून जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जाच्या कागदामागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सावकाराने यावर काय केले? गहाणखताऐवजी तो सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी ठेवू लागला. व्यवहार गहाणाचाच, पण कागद विक्रीचा. अखेर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा कागद मुळात गहाणाचा आहे काय, हे पाहण्याची तरतूद कायद्यात करावी लागली. त्या काळच्या केवळ नोंदवलेल्या गहाणखतांची संख्या पाहून शेतकरी कर्जमुक्त झाला असे कुणी म्हटले असते, तर ते धादांत असत्य ठरले असते. आकडा कागद मोजतो; कागदाबाहेरचे जगणे त्याला दिसत नाही.

आदिवासींच्या बाबतीत ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे गेली. त्यांच्या जमिनी सावकारांच्या आणि बिगर-आदिवासींच्या घशात गेल्या, म्हणून १९७४ साली महाराष्ट्राने महसूल संहितेत कलम ३६-अ घातले. आदिवासीची जमीन शासकीय मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे विक्रीने, दानाने, पट्ट्याने किंवा गहाणाने जाऊ नये, असा त्याचा आशय. दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. वनहक्क कायदा २००६ चा. त्याने मिळणारा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही. दलितांचीही स्थिती फार वेगळी नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. पण त्या विकायच्या तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते.

आता गृहकर्ज देणाऱ्याच्या नजरेने पाहा. त्याला तारण हवे, आणि वेळ आली तर ते लिलावात काढता आले पाहिजे. जी जमीन लिलावात कुणालाही विकता येत नाही, ती त्याच्या लेखी तारणच नव्हे. राहते घर गावठाणात असले तर हाती ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो. तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणातल्या घराला सनद देऊ केली. पण गावठाणाबाहेर वनजमिनीवर वसलेल्या पाड्याने कोणती सनद दाखवायची?

मग त्या ३९ टक्क्यांत कोण आहे? शहरी आवास योजनेच्या २०१५ च्या व्याख्येनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेला दुर्बल, ६ लाखांपर्यंतचा अल्प उत्पन्नाचा. म्हणजे महिना पन्नास हजार मिळवणारे कुटुंबही अल्प उत्पन्न गटात बसते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. शंभर दिवस काम मिळाले तरी वर्षाचे ३१,२०० रुपये. एकाच गटाच्या नावाखाली ही दोन माणसे शेजारी उभी केली, की गरिबी आकडेवारीतून आपोआप नाहीशी होते.

माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधराकडे बँक पगाराचे दाखले मागते. त्या कागदाच्या जोरावर तो शहरातल्या सदनिकेचा कर्जदार होतो आणि राष्ट्रीय आकड्यात त्याची गणना होते. त्याचे आईबाप गावी त्याच कुडाच्या घरात राहतात आणि कोणत्याच गृहकर्जाच्या तक्त्यात येत नाहीत. आरक्षणाने मिळालेली नोकरी हेच आमचे तारण. ती नसलेल्या भावंडांचे काय, हा प्रश्न आपण शिकलेल्यांनी टाळता कामा नये.

जनगणना २०११ म्हणते की ग्रामीण भागातील ९४.७ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, शहरात ६९.२ टक्के. या आकड्यावर थांबलो तर खेडे सुखी ठरते. पण त्यात कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले घरही ‘स्वतःचे घर’ म्हणून मोजलेले असते. आणि कर्ज नाही असेही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण कर्जाच्या येणे बाकीपैकी ३४ टक्के बिगर-संस्थात्मक होते, शहरात १३ टक्के. छपराचे पत्रे, पडलेली भिंत यांसाठी उसने घेतलेला पैसा गृहकर्ज म्हणून कुठेच नोंदला जात नाही.

यातून एक धोकादायक युक्तिवाद पुढे येतो : कायद्याचे बंधन काढा, जमीन गहाण टाकू द्या, म्हणजे आदिवासीलाही कर्ज मिळेल. हा युक्तिवाद विकासाच्या भाषेत येतो, पण त्याचा शेवट १८७५ पूर्वीच्या सावकारशाहीत आहे. घरासाठी जमीन गमावलेल्या माणसाचे घर तरी किती दिवस टिकणार?

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते जमिनीच्या हक्कासाठी. ती गहाण टाकण्याच्या स्वातंत्र्यासाठी नव्हे. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पाड्यावरच्या घराखालच्या जागेचा हक्क नवराबायको दोघांच्या नावे मिळावा. ग्रामीण आवास योजनेत २०१६ साली सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले; घरकुलाची मदत प्रत्यक्ष खर्चाशी जोडावी. कर्ज द्यायचे तर ते शासनाच्या हमीवर द्यावे, जमिनीच्या तारणावर नव्हे. आणि गृहकर्जाचे आकडे जात, जमात व तालुका यांनुसार प्रसिद्ध करावेत. हरसूलच्या रकान्यात काय लिहिले जाते, हे एकदा सर्वांनाच दिसू द्या.