हीटर नसलेल्या गाडीतले पाणी

आमच्या घरची अ‍ॅम्बॅसडर १९६५ सालची. आजोबांनी घेतलेली. गेली कित्येक वर्षे ती लष्करातल्या वाड्याच्या देवडीत ताडपत्रीखाली उभी होती. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने ती पुन्हा चालती करायचे मनावर घेतले, तेव्हा मी पहिल्यांदाच तिच्या बॉनेटखाली नीट डोकावलो. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीत दोन गोल भोके होती, त्यांत रबरी बुचे ठोकलेली. इंजिनाच्या हेडमधून, मागच्या टोकाशी, एक बारीक नळी निघाली होती आणि वळसा घालून ती थेट रेडिएटरच्या खालच्या होज पाइपला जोडली होती. वाटेत काहीही नाही. "काका, ही नळी करते काय?" पुतण्याने विचारले. मला सांगता येईना. पण त्या नळीचा इतिहास शोधता शोधता घरातल्या एका जुन्या वादाचाही निकाल लागला, म्हणून हे लिहितो आहे.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली धुरातून आणि पाण्यातून बाहेर काढावी लागते. पाणी फिरवायचे कसे, याचे सुरुवातीचे उत्तर आपल्या तांब्याच्या बंबातलेच होते: तापलेले पाणी हलके होऊन वर चढते. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ला पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांपर्यंत पंप होता. पुढे फोर्डने तो काढूनच टाकला. गरम पाणी वरच्या जाड नळीने रेडिएटरात जाई, निवून जड होई आणि खालच्या नळीने इंजिनात परत येई. पंप नाही, म्हणजे बिघडायला एक वस्तू कमी.

या सोप्या व्यवस्थेत हीटरला मात्र जागा नव्हती. हीटर म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरवायचे आणि मागे पंखा लावून ती ऊब आत सोडायची. पण बारीक नळ्यांतून पाणी नुसत्या हलके-जड होण्याने नीट फिरत नाही, मागून रेटा लागतो. इंग्लंडची 'मॉरिस मायनर' याचे उत्तम उदाहरण. १९४८ साली ती आली तेव्हा तिच्या ९१८ सीसी इंजिनाचे पाणी बंबाच्या न्यायानेच फिरत असे. १९५० अखेरीस तिला पाण्याचा पंप मिळाला, आणि मगच कंपनी गिऱ्हाइकाला हीटर देऊ लागली. तोही जादा पैसे मोजले तर! १९५९ची 'मिनी' आणि १९६२ची 'एमजीबी' यांनाही सुरुवातीला हीटर वेगळा मागावा लागे. विलायतेसारख्या गारठ्याच्या देशात हीटर ही चैन समजली जाई, याची गंमत वाटते.

एकाच कारखान्यातून हीटरवाल्या आणि बिनहीटरच्या, अशा दोन्ही गाड्या निघत. त्यामुळे इंजिनही दोन्हींना चालेल असेच ओतलेले असे. हेडच्या मागच्या बाजूला गरम पाण्याचे एक तोंड ठेवलेले असे. हीटर असला तर त्या तोंडावर तोटी, नसला तर दोन नटांनी आवळलेली लोखंडाची चपटी पट्टी आणि तिच्याखाली गॅस्केट. बस, संपले. पाण्याने कुठून जायचे नाही, हे ती पट्टी ठरवी. आपली अ‍ॅम्बॅसडर ही उत्तरपाड्यात बनलेली 'मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री'. तिचे १४८९ सीसीचे इंजिनही त्याच विलायती घराण्यातले. आपल्याकडच्या गाड्यांना बहुधा हीटर नसेच, म्हणून ती पट्टी जन्मभर जागची हलत नसे.

मग आमच्या गाडीची कुठे गेली? बाबांनी सांगितले ते असे. १९७०च्या सुमारास आजीचा दमा बळावला. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी आपणा सर्वांना ठाऊक आहे. तशा थंडीत भल्या पहाटे तिला आग्र्याला डॉक्टरांकडे न्यावे लागे. आजोबांनी दिल्लीहून कुठल्याशा मोडीत निघालेल्या विलायती गाडीचा हीटर आणवला आणि इथल्या एका मिस्त्रीकडून बसवून घेतला. पत्र्यात दोन भोके पाडली, हेडवरची पट्टी काढून तोटी लावली. दोन-तीन हिवाळे आजी उबेत गेली. मग एकदा हीटर गळू लागला, गरम पाणी तिच्या पायांवर आले आणि आजोबांनी तो त्याच दिवशी काढायला लावला. मिस्त्रीने दोन्ही नळ्यांची तोंडे एकमेकांना जोडून दिली. काम झटपट झाले, गळती थांबली. चूक झाली ती इथे.

पंप चालू असताना पाणी सोपी वाट धरते. तोटी उघडी राहिलेली आणि पुढे हीटरची जाळी नाही, नुसती मोकळी नळी. तेव्हा दर फेरीला थोडे उकळते पाणी रेडिएटर चुकवून पुन्हा इंजिनात शिरत राहिले. हिवाळ्यात कुणाच्या लक्षात आले नाही. पण दर मे महिन्यात आम्ही आग्रा-मुंबई रस्त्याने नाशिकला जात असू. जाताना बिजासन घाट उताराचा, येताना चढाचा. परतीला आंब्याच्या पेट्या, सात माणसे आणि वर वैशाखाचे ऊन. सेंधव्याच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेके. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचे, कॅनमधले पाणी घेऊन थांबायचे, घाई करून झाकण उघडणाऱ्याला आजोबांनी ओरडायचे. मानपूरच्या घाटात पुन्हा तेच. आम्हा मुलांना ती सहलीचाच भाग वाटे. आजोबांना तो अपमान वाटे.

रेडिएटर दोनदा साफ झाला. मग कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला दिला. आपल्याकडचा तो सार्वत्रिक उपाय. इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवायची आणि तापल्यावर उघडायची, हे थर्मोस्टॅटचे काम. वाट बंद असते तेव्हा पाणी एका आडवाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरते. काही जुन्या थर्मोस्टॅटना खाली पत्र्याची झालर असे आणि झडप उघडली की ती झालर ही आडवाट झाकून टाकी. थर्मोस्टॅटच काढला तर आडवाट कायमची उघडी. गाडी गार ठेवायला केलेल्या उपायाने ती अधिकच तापायची, असा हा प्रकार.

घरातला वाद होता तो याच तापण्यावरून. आजोबा अखेरपर्यंत म्हणत की कारखान्यानेच त्यांना खोटी गाडी गळ्यात मारली. बाबा म्हणत, गाडी चांगली होती, आजोबा चढावर गिअर वेळेवर बदलत नसत. दोघांतही बरेच दिवस अबोला असे. दोघेही चुकले होते, आणि दोघांच्याही नजरेसमोर ती हातभर नळी होती.

दुरुस्ती अगदी किरकोळ निघाली. तोटी काढली, तीन मिलिमीटरच्या पत्र्याची पट्टी कापून, खाली गॅस्केट घालून, दोन नटांनी आवळली. खालच्या होज पाइपच्या जोडाला निघालेले तोंड बुजवले. नवा थर्मोस्टॅट झालरीसकट बसवला. गेल्या मेमध्ये पुतण्याने गाडी भर दुपारी शिवपुरीपर्यंत नेऊन आणली. काटा मध्यावरून हलला नाही. बिजासन अजून बाकी आहे.

पत्र्यातली दोन भोके झाळून बुजवायची का, असे त्याने विचारले. बाबा नको म्हणाले. बुचे तेवढी नवी बसवली. मग बाबांनाच आठवले की तो हीटर आजोबांनी टाकला नसणार, ते काहीच टाकत नसत. माळ्यावर पितळी समयांच्या खोक्यामागे तो मिळाला. आतली तांब्याची जाळी एका कोपऱ्यात हिरवी पडली होती. गळती तिथलीच.