एल्कची शिकार आणि हलकी रायफल: कॅलिबरच्या वादाचा इतिहास

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगांत वावरणारा एल्क हा आपल्याकडील सांबराच्या कुळातला प्राणी असून त्याच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोंच्याही पुढे जाते. त्याच्या मागावर निघालेल्या शिकाऱ्याला विरळ हवेत दिवसभर चढउतार करावी लागते आणि पुष्कळदा दरीच्या एका उतारावरून समोरच्या उतारावर गोळी झाडावी लागते. म्हणून रायफल हलकी हवी आणि काडतूस जबर हवे, अशा परस्परांना छेद देणाऱ्या दोन गरजा या शिकारीत एकत्र येतात. एकच काडतूस चार किलोंच्या रायफलीऐवजी दोन किलोंच्या रायफलीतून झाडले, तर खांद्याला बसणाऱ्या झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. कॅलिबरची, म्हणजे नळीच्या आतील पोकळीच्या व्यासाची, निवड कशी करावी हा अमेरिकेतील शंभर वर्षांचा वाद या पेचातूनच उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकात हा वाद संभवतच नव्हता. काळ्या दारूने गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नसल्याने मारकशक्ती वाढवायची तर गोळीच जाड आणि जड करावी लागे. त्यामुळे शार्प्ससारख्या रायफली ०.४५ ते ०.५० इंच व्यासाच्या आणि वजनाने अवजड असत. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये धूरविरहित दारू सिद्ध केल्यावर बारीक गोळी अतिवेगाने सोडणे शक्य झाले. १८९५ मध्ये विंचेस्टर कंपनीचे .३०-३० हे काडतूस बाजारात आले. त्याची रायफल सुटसुटीत होती, परंतु पल्ला तोकडा होता. अमेरिकन सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेल्या .३०-०६ या काडतुसाने तो पल्ला वाढवला, आणि सैन्याकडून ते शिकाऱ्यांच्या हाती येऊन पुढील सगळ्या तुलनांचे माप ठरले. तोवर बेसुमार शिकारीने एल्कचे कळप अनेक प्रदेशांतून नाहीसे झाले होते. १९१२ मध्ये वायोमिंगमधील जॅक्सन येथे स्थापन झालेले एल्क-आश्रयस्थान आणि शस्त्रे व काडतुसे यांवरील कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवणारा १९३७ चा कायदा अशा उपायांनी ते सावरले, म्हणूनच शिकार नियमांच्या चौकटीत चालू राहिली.

१९२५ मध्ये विंचेस्टरने .३०-०६ च्या पुंगळीचे तोंड अरुंद करून .२७० हे काडतूस तयार केले, त्याची ८.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या आसपास वेगाने सुटे आणि दूरवर जाऊनही फारशी खाली येत नसे. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे शस्त्रविषयक लेखक जॅक ओ’कॉनर यांनी त्याचा आयुष्यभर पुरस्कार केला. त्यांच्या मते झटका सोसवेल अशा रायफलीने नेमक्या जागी बसवलेली गोळी पुरेशी होती. इडाहोमधील सॅमन गावचे पशुपालक, वाटाडे आणि लेखक एल्मर कीथ यांना हे मान्य नव्हते. जखमी एल्क हातचा निसटू नये यासाठी कोणत्याही कोनातून आरपार जाणारी, सोळा ग्रॅमांच्या आसपास वजनाची जाड गोळीच हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९५८ मध्ये आलेले .३३८ विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस कीथ यांच्या विचाराच्या जवळचे होते.

वाद व्यासाभोवती फिरत राहिला, तरी त्याची खरी उकल गोळीच्या रचनेत होती. १९४६ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांनी चिखलाने माखलेल्या एका मूसवर, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणावर, गोळ्या झाडल्या. वेग भरपूर असूनही त्या पुरेशा खोल गेल्या नाहीत. तेव्हाच्या गोळीत तांब्याच्या पातळ कवचात शिसे भरलेले असे आणि वेगाने आदळताच ते वरच्यावर फुटून विखरे. नॉस्लर यांनी कवचाच्या मधोमध तांब्याचीच आडभिंत ठेवली. त्यामुळे पुढचा अर्धा भाग पसरून जखम रुंद करी आणि मागचा अर्धा भाग न फुटता खोल घुसे. या ‘पार्टिशन’ गोळीने बारीक कॅलिबरवरचा मुख्य आक्षेप बराच बोथट केला.

त्यानंतरच्या काळात रायफली हलक्या होत गेल्या आणि काडतुसे मात्र चढत गेली. विंचेस्टरने १९५२ मध्ये मॉडेल ७० ची ‘फेदरवेट’ आवृत्ती काढली, तर १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाचे मेल्व्हिन फोर्ब्ज यांनी कृत्रिम तंतूंचा दस्ता वापरून दुर्बिणीविना अडीच किलोंहूनही हलकी रायफल घडवली. दरम्यान ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) यांनी पल्ल्याची हाव वाढवली होती. हलक्या रायफलीत असे काडतूस घातले की झटक्याच्या धास्तीने चाप ओढण्याच्या क्षणीच अंग आखडते आणि नेम ढळतो. मग कागदावरची शक्ती कामी येत नाही.

१९९० च्या दशकात अंतर मोजणारी लेसर उपकरणे शिकाऱ्यांच्या हाती आल्यावर गोळी किती खाली येईल याचा हिशेब सोपा झाला, पण वाऱ्याने तिचे वाहून जाणे ही अडचण राहिली. तिच्यावर उपाय म्हणजे आपल्या व्यासाच्या मानाने लांब, जड आणि निमुळती गोळी. अशी गोळी स्थिर राहण्यासाठी तिला अधिक वेगाने फिरवावे लागते, म्हणजेच नळीतील सर्पिल आटे अधिक दाट हवेत. जुन्या .२७० रायफलींत दहा इंचांत एक फेरा असल्याने त्यांना सर्वांत लांब गोळ्या पेलवत नसत. २००७ मध्ये नेमबाजीच्या स्पर्धांसाठी तयार झालेले ६.५ क्रीडमूर हे काडतूस दाट आट्यांच्या नळीसाठीच आखलेले असून त्याचा झटका सौम्य असल्याने ते लवकरच हलक्या रायफलींत रूढ झाले. स्कँडिनेव्हियात शतकभर त्याच व्यासाच्या स्वीडिश काडतुसाने मूसची शिकार होत आली असल्याने एवढ्या बारीक गोळीची कल्पना मुळात नवी नव्हती. तथापि अंतर वाढते तशी गोळीची ऊर्जा घटते, आणि एल्कसारख्या प्राण्यावर दूरवरून गोळी झाडताना क्रीडमूरची शिल्लक लवकर तुटपुंजी होते. ही उणीव भरून काढणाऱ्या ६.८ वेस्टर्न (२०२१) आणि ७ मिमी पीआरसी (२०२२) या काडतुसांत अकरा ग्रॅमांच्या आसपास वजनाच्या गोळ्या दाट आट्यांतून सोडल्या जातात, मात्र त्याबरोबर झटकाही पुन्हा वाढतो.

एल्कची सर्वाधिक संख्या असलेल्या कोलोरॅडो राज्याचा नियम किमान ०.२४ इंच व्यास, एल्कसाठी किमान साडेपाच ग्रॅमांची पसरणारी गोळी आणि शंभर यार्डांवर ठरावीक ऊर्जा एवढेच मागतो. म्हणजे कायद्यानेही व्यासाला एकट्याला निर्णायक मानलेले नाही. आजच्या काडतुसांचा व्यास ओ’कॉनर यांच्या पसंतीजवळ राहिला आहे आणि गोळी व्यासाच्या मानाने जड असावी हा कीथ यांचा आग्रहही त्यांत उतरला आहे. दोघांतील अंतर गोळीच्या रचनेने आणि नळीच्या आट्यांनी कमी केले, परंतु रायफलीचे वजन घटवले की झटका वाढतो हा हिशेब कोणत्याही नव्या काडतुसाने चुकवलेला नाही. त्यामुळे हलक्या रायफलीसाठी कॅलिबर निवडताना शिकाऱ्याचा खांदा किती सोसतो, हीच अखेरची मर्यादा ठरते.