चीवराचा रंग आणि रंगाऱ्याचे हात

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत चार शब्द लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही काही विद्वान नव्हेत. पुण्यात गिरणीच्या रंगखात्यात आयुष्य गेले. तेव्हा जे हाताला ठाऊक आहे, त्याचाच इतिहास सांगतो.

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरावर एक अख्खा खंधक आहे. भगवंतांनी सहा प्रकारच्या वस्त्रांना परवानगी दिली. त्यात सुती, रेशमी यांच्याबरोबर कंबल म्हणजे लोकरही आहे. आधी भिक्खू शेणाने नि पिवळ्या मातीने चीवर रंगवीत. रंग बिघडायचा. म्हणून मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ असे सहा रंग सांगितले गेले. रंग शिजला का हे पाहायला थेंब पाण्यात किंवा नखावर टाकावा. रंग एकाच बाजूला उतरू नये म्हणून वस्त्र उलटसुलट करावे, आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत तिथून हलू नये. हे वाचले तेव्हा वाटले, अरे, हे तर आपल्याच खात्यातले काम!

लोकरीला वनस्पतीचा रंग नुसता टिकत नाही. किलोभर सुक्या लोकरीला शंभर ते दीडशे ग्रॅम तुरटी लागते. तुरटीतला धातू एका हाताने लोकर धरतो, दुसऱ्या हाताने रंग. मंजिष्ठेच्या मुळाने लाल येतो, पण फार उकळले की तपकिरी पडतो. हिरड्याला लोखंडाची जोड दिली की काळा. आच हळूहळू वाढवायची; गरमातून एकदम गारात टाकली की लोकर आटून तिचा गोळा होतो.

1856 साली लंडनमध्ये पर्किनने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला. 1868 साली मंजिष्ठेचा लाल जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला, 1897 साली कारखान्यातली नीळ बाजारात आली. झाडाचे रंग मागे पडले. पुढे बेंझिडीनच्या रंगांनी कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले.

म्हणून झाडाचा रंग तेवढा पवित्र, असे आम्ही म्हणणार नाही. नीळही झाडाचीच होती, आणि तिच्यापायी 1859 साली बंगालच्या रयतेला उठाव करावा लागला, 1917 साली चंपारण पेटले. खरा प्रश्न, राबणाऱ्या हातांना मान आहे का, हा आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न खाऊ नये त्यांच्या यादीत रंगारी बसवला आहे. इकडे विनयात भिक्खू स्वतः भांड्यापाशी उभा आहे. तो कोणत्याही कुळातून आलेला असो, रंगाचा थेंब त्याच्याच नखावर पडतो.

आमची नखे कामावर असताना कधी स्वच्छ झाली नाहीत. लग्नकार्यात हात लपवायचो. महावग्ग वाचल्यापासून लपवत नाही.